मागून हात लावायला

"घरात कोणी आहे का, मागून हात लावायला?" फिजिओने स्क्रीनमधून विचारलं आणि ती लगेच म्हणाली, "नाही."

म्हणताना तिला काहीच वाटलं नाही. फिजिओ म्हणजे तिच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी होती. दुसऱ्या कुठल्याशा शहरात, पांढऱ्या भिंतीसमोर बसलेली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ती लॅपटॉपवर यायची आणि तिच्याकडून मानेचे व्यायाम करून घ्यायची. दोघी कधी भेटलेल्या नव्हत्या. इतकी वर्षं दुखणारी मान, आणि ती बरी करायला निघालेल्या मुलीने तिला एकदाही हात लावलेला नव्हता. सगळं बोलण्यावर चाललेलं. "हनुवटी आत घ्या. अजून. दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे, मॅडम, इथे कोणी फोटो काढत नाहीये." त्या दिवशी एक नवा व्यायाम होता. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कोणीतरी तळहात ठेवायचा आणि आपण पाठ त्या हाताकडे न्यायची. मी तिथे असते तर मीच ठेवला असता, असं फिजिओ म्हणाली होती. हात असला की शरीराला कळतं कुठे जायचंय, नुसतं सांगून नाही कळत. आणि मग तो प्रश्न. आणि तिचं ते नाही. राँग नंबर आला की आपण म्हणतो तसं, कोरडं, कामापुरतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं छोटं चित्र दिसत होतं. त्यात तिच्या डोक्यामागचं दार उघडं होतं आणि दारात तिचा नवरा उभा होता. हातात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. तो पुढे आला नाही. झोपलेल्या मुलाच्या खोलीतून बाहेर पडावं तसा मागच्या मागे सरकला आणि आवाज न करता त्याने दार ओढून घेतलं. तिला मागे वळून बघायचं होतं, पण तिची मान डावीकडे वळतच नव्हती. वळायचं तर खुर्चीसकट, कमरेपासून, अख्खं वळावं लागे. ती तशी वळेपर्यंत दार बंद झालेलं होतं. तिने पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. फिजिओ खाली बघत होती. काही क्षण ती तशीच थांबली आणि मग म्हणाली, "बरं. मग आपण भिंतीला टेकून करू." त्या थांबण्यावरून तिला कळलं, की हिनेही बघितलंय.

भिंतीला पाठ लावून, फिजिओने सांगितलं तसं तिने सगळं केलं. भिंत थंड होती आणि तिला सगळीकडून सारखीच लागत होती. फिजिओ आकडे मोजत होती, मध्येच आवाज तुटत होता, आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, तो केव्हा आला असेल. नाही म्हणण्याच्या आधी की नंतर. नंतर आला असेल तर त्याने ऐकलंच नसेल. पण मग तो आत का आला नाही? पिशवी घेऊन आलेला माणूस पिशवी देऊन जातो.

ती बाहेर आली तेव्हा पिशवी जेवणाच्या टेबलावर होती आणि तो ओट्याशी उभा राहून कप विसळत होता. "झालं?" त्याने विचारलं. "पिशवी घे. जरा निवली असेल."

"तुम्ही आत आला होतात का?"

"मी? नाही गं." त्याने नळ बंद केला. "मी आत्ताच येतोय खालून. दूध आणायला गेलो होतो. घरात नव्हतोच."

फ्रिजमध्ये दूध होतं, भरपूर होतं, सकाळी तिनेच आणलेलं. त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या. तो तिच्यासाठी खोटं बोलत होता आणि बोलताना तिच्याकडे बघत नव्हता, म्हणजे तिला हवं ते करायची मोकळीक ठेवत होता. घरात नव्हतोच. तिचं 'नाही' त्याने असं खरं करून तिच्या हातात ठेवलं, आणि तिने ते घेतलं. "असं होय," ती म्हणाली आणि पिशवी मानेला लावून सोफ्यावर बसली. पुढे कित्येक दिवस तिला त्या 'नाही'पेक्षा हे 'असं होय' जास्त टोचत राहिलं. 'नाही' तोंडातून निसटलं होतं. 'असं होय' म्हणायच्या आधी विचार करायला तिला वेळ होता.

ती एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसायची. पेशी तपासायच्या, त्यात काही वावगं आहे का ते बघायचं. लग्नाआधीपासून हेच काम. सकाळी बसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान खाली, डोळे नळीला, एका हाताने काच सरकवत राहायची, निळा-गुलाबी पसारा डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली, मग उजवीकडून डावीकडे. काही दिसलं तर लिहायचं. नाही दिसलं तर लिहायचं, आढळलं नाही. तिच्या हाताखालच्या मुली म्हणायच्या, मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. मान मात्र त्या नळीच्या कोनातच राहून गेली. भाजी घेतानाही ती अशी पुढे काढलेली असायची, काहीतरी बारीक शोधत असल्यासारखी. गोळ्या झाल्या, मलमं झाली, पट्टा झाला. शेवटी मुलीने परगावाहून फोनवरून हे व्यायाम ठरवून दिले. "आई, कुठे जायचं नाही, यायचं नाही, घरात बसून करायचं. आता सबब सांगू नकोस."

त्या दिवसानंतर ती मायक्रोस्कोपशी बसली की विचार तिकडेच जाई. मी 'नाही' का म्हणाले? तिने त्याला मनात धरून 'नाही' म्हटलं असतं, म्हणजे ते भांडले असते, तिला राग असता, तर तिला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. दोघांचं सगळं सुरळीत होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, पाठ फळ्याकडे आणि तोंड वर्गाकडे ठेवून हात मागे नेऊन नकाशे काढायचा, म्हणून मुलं त्याला नकाशे सर म्हणायची आणि नवीन शिक्षकांना ते त्याचं आडनावच वाटायचं. निवृत्त झाल्यापासून तो घरी असे. तिच्या आधी उठे, तिचा डबा भरे, ती परत येईतो दिवे लावून ठेवी. आणि कोणी विचारलं घरात कोणी आहे का, तर तिच्या डोळ्यांसमोर रिकामी खोली आली. तो आठवला आणि तिने त्याला नाकारलं, असं झालंच नव्हतं. तो आठवलाच नाही. हे ती कोणाला सांगणार? राग असता तर माफी मागता आली असती.

मग तिला जुनं आठवायला लागलं. मुलगी लहान होती, लॅबचं काम वाढलं होतं आणि मान पहिल्यांदा धरली होती. तेव्हा तो पलंगावर तिच्या मागे बसायचा. आधी मान दाबायचा, मग दाबता दाबता पाठीवर बोटाने काहीतरी काढायला लागायचा. "ओळख. कुठला देश?" ती डोळे मिटून त्या बोटामागे जायची. किनारा कुठे आत वळला, कुठे टोक बाहेर आलं, नदी कुठून निघाली. "बेट आहे का?" "बेट नाही. नीट लक्ष दे, तीन बाजूंना पाणी दिलंय तुला." तिला ओळखता यायचं नाही, भूगोलात ती ढ होती, ती भलतंच काहीतरी सांगायची आणि तो हताश झाल्याचं नाटक करून सगळा नकाशा तळहाताने पुसायचा आणि पुन्हा काढायचा. पुसताना तळहात पाठभर फिरायचा. खरं तर त्या पुसण्यासाठीच ती चुकीची उत्तरं द्यायची. हे कधी थांबलं? तिला तोही दिवस आठवला, त्यात वाईट असं काही नव्हतं. ती दमून आली होती. त्याने बोट ठेवलं तशी ती म्हणाली, "आता नको हो. दिवसभर लोक माझ्याकडून ओळखूनच घेत असतात. घरी तरी काही ओळखायला लावू नका." तो हसला. "बरं बाई, आज सुट्टी," म्हणाला आणि हात काढला. तिला वाटलं होतं आजच्यापुरतं. पण तो एकदा सांगितलं की ऐकणारा माणूस होता, पुन्हा विचारत बसणारा नव्हता. आणि थांबलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मुलीच्या परीक्षा आल्या, घर बदललं, मलमं आली. रोजच्या रस्त्यावरचं एखादं दुकान बंद होतं आणि तिथे दुसरंच काही उभं राहिलं की मगच आपण म्हणतो, अरे, इथे ते होतं ना?

पुढच्या व्यायामाच्या दिवशी ती लॅपटॉप लावत होती तेव्हा तो दाराशी वाकून बूट घालत होता. "जरा फिरून येतो," तो म्हणाला. "तुझं चालू दे निवांत." तिच्या ओठांवर वाक्य तयार होतं. थांबा ना, मला मागून हात लावायला कोणीतरी हवंय. साधं वाक्य. पण ते म्हणायचं तर त्या दिवशीचं सगळं बाहेर काढावं लागणार, त्याचं दूध, आपलं 'असं होय'. "स्वेटर घाला, गार आहे," ती म्हणाली. "घालतो." तो गेला. त्यानंतर व्यायामाची वेळ झाली की तो बाहेर जायला लागला. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. काही दिवसांनी त्याचं त्या वेळी घरात नसणं इतकं नेहमीचं झालं की त्याची काही सुरुवात होती हेही कोणाला आठवू नये.

मान मात्र सुधारायला लागली. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढायचा, डोकं उचलून धरायचं, खांदे कानांपासून लांब ठेवायचे. "कुठवर दिसतंय आज?" फिजिओ विचारायची, आणि ती डावीकडे वळून सांगायची, खिडकीची चौकट, मग काही आठवड्यांनी, पडदा, मग, कपाटाची कड. "वा! कपाट म्हणजे खूपच झालं," असं म्हणून फिजिओ टाळी वाजवायची आणि ती टाळी आधी दिसायची, मग ऐकू यायची. एकदा असंच झाल्यावर ती अचानक म्हणाली, "माझे मिस्टर असतात घरी."

स्क्रीनवर फिजिओचे जुळलेले तळहात तसेच राहिले. चित्र अडकलंय की काय असं तिला वाटलं. मग ती म्हणाली, "हो. मला दिसले होते त्या दिवशी."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुमची काही कारणं असतील. पुष्कळ घरांत असतात, मॅडम. लोक आम्हाला मान दाखवतात, पण मागची खोलीपण दिसतेच ना."

"कारण काहीच नव्हतं," ती म्हणाली. मोठ्याने ऐकल्यावर ते तिला जास्तच वाईट वाटलं.

"मग सोपंय की. बोलवा त्यांना आज."

"आता ते नसतात या वेळी," ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं.

तो कुठे जात होता ते त्यानेच सांगितलं, एका सुट्टीच्या सकाळी, चहा घेताना. डोंगराकडच्या एका गावात त्याच्या जुन्या मित्राची शाळा होती. व्यायामाच्या वेळी तो वाचनालयात जायचा आणि तिथल्या बाहेरच्या बाकावरून त्या मित्राशी फोनवर बोलत बसायचा. त्यांना भूगोलाला माणूस हवा होता, वर्षभरासाठी. राहायची सोय शाळेतच होती. "मी हो म्हटलंय," तो म्हणाला आणि कपातल्या चहाकडे बघत राहिला. "तुझी लॅब आहे, तुला येता येणार नाही, ते मी धरूनच चाललोय. सुट्ट्यांना येत जाईन."

"मला विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारणार होतो. म्हटलं आधी जमतंय का बघू."

खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. ती तो आवाज ऐकत राहिली. मग तिने एकदम सांगून टाकलं. "त्या दिवशी तुम्ही दारात होतात. मी नाही म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

त्याने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "ऐकलं."

"माझ्या मनात तसं काही नव्हतं हो."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "अगं, नाही म्हणालीस त्याचं मला काही नाही. मला हाक मारून दहा कामं सांगतेस, त्यात एक कमी. पण किती पटकन म्हणालीस. जरा थांबून म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, काहीतरी विचार करून म्हणतेय." तो थोडा हसला. "मग मी बाहेर येऊन स्वतःलाच विचारत बसलो, की मला कोणी विचारलं असतं, घरात कोणी आहे का, तर मी काय म्हणालो असतो. आणि मलाही लगेच उत्तर सापडेना. दिवसभर घरात असतो मी, पण कोणाला लागतो असं वाटत नाही. शाळेत निदान घंटा झाली की मुलं वाट बघतात. नाही आलो तर दंगा तरी करतात."

"जाऊ नका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. आपण शेवटचं काय मागितलं होतं त्याच्याकडे, तिला आठवेना.

त्याने तिच्याकडे बघितलं, खूप वेळ, आणि तिला वाटलं, हा हो म्हणणार. "हे आधी म्हणाली असतीस तर थांबलो असतो," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ती त्याच्यावर चिडूही शकली नाही. "आता कळवून झालंय गं. त्यांनी वेळापत्रकात घातलंय मला." मग जरा वेळाने, "वर्षभराचं तर आहे."

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा किती खूश वाटतायत गं. आणि तू का अशी?" ती म्हणाली, काही नाही, मान.

निघायच्या आदल्या दिवशी व्यायाम होता आणि तो घरातच होता, बॅग भरायची होती म्हणून. ती लॅपटॉपसमोर बसली आणि फिजिओ दिसायच्या आतच तिने हाक मारली, "अहो, जरा आत येता?" तो आला, हातात घडी घालायचा शर्ट तसाच. तो त्याने पलंगावर ठेवला. फिजिओने नमस्कार केला, तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "सर, तुमचा हात हवाय. मॅडमच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. नाही, अजून वर. तिथेच." त्याने आधी तळहात पँटला पुसला. मग ठेवला. ठेवून त्याने स्क्रीनला विचारलं, "दुखणार नाही ना त्यांना?" त्यांना. तिला त्याने विचारलं नाही. बँकेत, दवाखान्यात आपण परक्या माणसाला वाट देताना हात लावतो तसा तो हात होता, कोणी हरकत घेतली तर तत्क्षणी मागे घेता यावा असा. बोटं जुळवून सरळ धरलेली. पण तो गरम होता, आणि कुर्त्यातूनही तिला त्याचा सगळा आकार कळत होता. "आता मॅडम, त्या हाताकडे या. घाई नको," फिजिओ म्हणाली. तिने पाठ मागे नेली. इतके दिवस भिंतीला टेकून जे साधलं नव्हतं ते आपोआप झालं. खांदे उघडले, मान वर आली, डोकं धडावर कसं अलगद बसलं. "हेच! हेच हवं होतं मला!" फिजिओ स्क्रीनमध्ये अक्षरशः उडाली. "सर, तुम्ही आधीच यायला पाहिजे होतं."

"मी असतो की घरात," तो म्हणाला. फिजिओ हसली, कारण तो ते हसत म्हणाला होता. हाताचा दाब कमी-जास्त झाला नाही. तिला वाटलं, आता हा बोट हलवेल. एखादा किनारा काढेल, नाहीतर नुसतंच काही तरी. आपण या वेळी बरोबर उत्तर देऊ, किंवा चुकीचं देऊ, काहीही देऊ. ती वाट बघत राहिली. व्यायामाचे आकडे संपले, फिजिओ "शाब्बास" म्हणाली आणि त्याने हात काढला. "बॅग अर्धी राहिलीय," असं म्हणून शर्ट उचलून तो बाहेर गेला. हात काढल्यावर तेवढी जागा बराच वेळ गार लागत राहिली.

सकाळी ती त्याला सोडायला गेली. बस स्थानकावर फारशी गर्दी नव्हती. त्याने बॅग वर ठेवली, खिडकीशी बसला, काच सरकवली. दोघं निघताना बोलायचं ते बोलले. पोचल्यावर कळवा. गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. गॅसवाल्याला फोन कर. तू व्यायाम सोडू नकोस, तो म्हणाला, चांगला गुण येतोय तुला. ती हो म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण मागच्या सीटवरची बाई खिडकीतून कोणाला तरी मोठ्याने सूचना देत होती आणि मग इंजिन सुरू झालं. बस आधी थोडी मागे गेली, मग पुढे आली आणि तिच्या डाव्या अंगाने, अगदी जवळून निघाली. तो तिकीट शोधत होता, सगळे खिसे चाचपत, मान खाली घालून. तो वर बघेल म्हणून ती बघत राहिली. बस तिला ओलांडून मागच्या रस्त्याला लागली तशी तिची मान बसबरोबर वळत गेली, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही मागे. पाय जागचे हलले नाहीत. कुठे अडकलं नाही. कुठेही दुखलं नाही. बस कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी ती तशीच मागे बघत उभी होती.